कॉम्प्युटर न वापरता आठवीच्या मुलांना लँग्वेज मॉडेल कसं शिकवायचं? कोणी हातानं करून बघितलंय का?

खडूफळा

नमस्कार सगळ्यांना. मी आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. वर्गात ३६ मुलं आहेत आणि ४० मिनिटांचे दोन पिरियड मला मोकळे मिळालेत, त्यात चॅटबॉट आतून कसा चालतो हे शिकवायचंय. कॉम्प्युटर लॅब आहे, पण या विषयासाठी मला ती नकोच आहे, कारण स्क्रीन समोर आली की मुलं टाइप करत सुटतात आणि आत काय चाललंय हा प्रश्न बाजूलाच राहतो.

मागच्या आठवड्यात सहज विचारलं, चॅटबॉट उत्तर कुठून आणतो? बरीच मुलं म्हणाली इंटरनेटवर शोधतो आणि कॉपी करतो. काही म्हणाली आत सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवलीयत. एक मुलगी म्हणाली तो आपल्यासारखाच विचार करतो, फक्त फास्ट. मला यातलं काहीही नुसतं "चूक" म्हणून खोडायचं नाहीये, मुलांनी स्वतः काहीतरी करावं आणि मग आपलं उत्तर टिकतंय का ते त्यांनीच बघावं असं वाटतं.

कागद, खडू, फासे, दोरा, चिकटपट्टी एवढं सामान मिळेल. आणि एक काळजी आहे ती आधीच सांगते, सोपं करायच्या नादात मुलांच्या डोक्यात खोटं काहीतरी बसायला नको. असं कोणी केलं असेल तर प्लीज बारीकसारीक तपशिलासकट सांगा, नुसती आयडिया नको.

---

मोजणीवाली

ताई, मी हे तीन वेगवेगळ्या वर्गांवर केलंय, दरवेळी थोडं बदलत. आता जे करते ते लिहिते.

फळ्यावर फक्त ही आठ वाक्यं लिहा:

काल पाऊस पडला. पाऊस रात्री पडला. वीज रात्री पडली. पान रात्री पडलं. पाऊस थांबला. वीज चमकली. काल वीज चमकली. पान हललं.

एकूण २१ शब्द, त्यात वेगवेगळे ११, आणि पूर्णविराम हा बारावा शब्द समजायचा. पूर्णविराम मोजायचाच, तो सोडला तर वाक्य कुठे संपवायचं आणि कुठून सुरू करायचं हे मशीनला कधीच कळणार नाही आणि मुलांनाही मध्येच अडकायला होतं.

आता चार-चार जणांचे गट करा आणि प्रत्येक शब्दाच्या नंतर कोणता शब्द किती वेळा आला एवढंच मोजायला सांगा, अर्थाचा विचार करायचा नाही. "पाऊस"नंतर पडला एकदा, रात्री एकदा, थांबला एकदा. "वीज"नंतर रात्री एकदा, चमकली दोनदा. "रात्री"नंतर पडला, पडली, पडलं एकेकदा. "काल"नंतर पाऊस एकदा, वीज एकदा. "पान"नंतर रात्री एकदा, हललं एकदा. पूर्णविरामानंतर काल, पाऊस, वीज, पान प्रत्येकी दोनदा. क्रियापदानंतर नेहमी पूर्णविराम. झालं, हे टेबल म्हणजेच तुमचं मॉडेल, आणि ते बनवलं ते ट्रेनिंग.

मग फळा पुसून टाका! हे मी आवर्जून सांगते, मूळ वाक्यं समोरून गेलीच पाहिजेत, मुलांकडे फक्त टेबल उरलं पाहिजे. आता फासा. पूर्णविरामापासून सुरुवात, १ आला तर काल, २ पाऊस, ३ वीज, ४ पान, ५ किंवा ६ आला तर पुन्हा टाकायचा. वीज आली असेल तर १-२ ला रात्री आणि ३ ते ६ ला चमकली, कारण चमकली दुप्पट वेळा आलंय. असं करत पूर्णविरामापर्यंत जायचं आणि वाक्य वहीत लिहायचं.

प्रत्येक गटाने पाच-पाच वाक्यं काढली की ती मोठ्याने वाचायला लावा. कुठल्यातरी गटात "काल पाऊस थांबला" येतं. हे वाक्य फळ्यावर नव्हतंच! इथे थांबा आणि विचारा, हे कुठून कॉपी केलं? मुलं खरंच वही मागेपुढे करून शोधतात आणि मग गप्प होतात. कॉपी करतो म्हणणाऱ्यांना तिथे जे कळतं ते मी दहा मिनिटं बोलून सांगू शकले नसते.

आणि तेवढ्यात दुसऱ्या गटातून "वीज रात्री पडलं" येतं आणि वर्ग हसतो. त्या हसण्याचा उपयोग करून घ्या, का चुकलं ते विचारा. कारण टेबल फक्त मागचा एकच शब्द बघतंय. "रात्री"वर पोचल्यावर वाक्याची सुरुवात वीजने झाली की पानाने हे त्याला आठवतच नाही, मग तीनातून दोनदा लिंग चुकणारच. इंग्रजी उदाहरणं घेऊन हे इतकं स्पष्ट दिसत नाही, मराठीत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं म्हणून चूक लगेच कानाला खटकते. म्हणून उदाहरणं मराठीतच ठेवा, भाषांतर केलेली ॲक्टिव्हिटी आणू नका असं माझं ठाम मत आहे.

ज्या मुलांचं लवकर होतं त्यांना सांगा की या टेबलातून एकूण किती वेगळी वाक्यं निघू शकतात ते शोधा. उत्तर २२ आहे. त्यातली ८ मूळ, ४ नवीन आणि बरोबर, आणि १० लिंग चुकलेली. गणिताचा तास असल्यामुळे तुम्हाला हे आयतंच मिळतंय.

---

तिसरा_बाक

वरच्या प्रतिसादात थोडी भर. मुलांना हे सांगाच की कॉम्प्युटरशिवाय करणं ही शाळेसाठी केलेली तडजोड नाहीये, हा विषय सुरूच मुळात कागद-पेन्सिलीवर झालाय.

१९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या "येवगेनी ओनेगिन" या पद्य कादंबरीतली २०,००० अक्षरं हाताने मोजली. अर्थ बाजूला, फक्त स्वर की व्यंजन एवढंच. ८,६३८ स्वर निघाले, म्हणजे साधारण ४३ टक्के. पण स्वरानंतर लगेच पुन्हा स्वर येण्याचं प्रमाण फक्त १३ टक्क्यांच्या आसपास आणि व्यंजनानंतर स्वर येण्याचं ६६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पुढे काय येणार हे मागे काय आलं यावर अवलंबून असतं, आणि किती अवलंबून ते मोजता येतं. मोजणीवालीताईंचं टेबल हे त्याचंच शब्दांचं रूप.

नंतर १९४८ मध्ये क्लॉड शॅननने तर टेबलसुद्धा बनवलं नाही, पुस्तकच टेबल म्हणून वापरलं. पुस्तक कुठेही उघडायचं, एक अक्षर घ्यायचं, मग दुसरं कुठलंतरी पान उघडून ते अक्षर सापडेपर्यंत वाचत जायचं आणि त्याच्या पुढचं अक्षर लिहून घ्यायचं, मग पुन्हा वेगळं पान. हे शब्दांनीही करता येतं. मी मुलांकडून पाठ्यपुस्तकावर करून घेतलंय, "आणि" किंवा "आहे" सारखे शब्द पटापट सापडतात पण एखादा दुर्मिळ शब्द हाती लागला की पानंच्या पानं उलटत बसावं लागतं आणि शेवटी तो एकाच ठिकाणी सापडतो. म्हणजे त्याच्या पुढे काय येतं याचा नमुना एकच. कमी डेटा म्हणजे काय हे मुलांना हाताला जाणवतं, मी वेगळं समजावलं नाही.

आणि पहिला पिरियड सुरू करताना दहा मिनिटं अंदाजाचा खेळ घ्या, हाही शॅननचाच, १९५१ चा. एक वाक्य कागदावर लिहून झाकून ठेवायचं, मुलांनी पहिल्या अक्षरापासून अंदाज करायचा, बरोबर येईपर्यंत, आणि प्रत्येक अक्षराखाली किती अंदाज लागले तो आकडा लिहायचा. शब्दाच्या सुरुवातीला सात, नऊ, बारा असे आकडे येतात आणि शब्द निम्मा झाला की १, १, १. हे आकडे फळ्यावर तसेच राहू द्या. मुलांना दिसतं की पुढचं ओळखणं हे काम ती स्वतःही करतात, आणि त्यासाठी त्यांना भाषाही यावी लागते आणि विषयही माहीत असावा लागतो. पुढचा शब्द ओळखणं म्हणजे क्षुल्लक काम असा समज होऊ नये म्हणून मी हा खेळ आधी घेतो.

---

दोरागुंता

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय, ताईंनी शेवटी जी काळजी लिहिलीय त्याबद्दल. फासा आणि टेबल हे उत्तम आहे, पण तिथेच थांबलात तर मुलं "चॅटजीपीटी म्हणजे एक मोठं टेबल आणि फासा" असं घेऊन घरी जातील आणि ते खरं नाही. फासा खरा आहे, शेवटी शब्द निवडताना शक्यतांमधून निवड होतेच. टेबल मात्र खरं नाही. आणि का नाही हे मुलांना त्याच आठ वाक्यांवर दाखवता येतं, वेगळं काही लागत नाही.

लिंग चुकतंय ना, मग मुलांना विचारा काय करूया. कोणीतरी म्हणणारच, मागचे दोन शब्द बघूया. करू द्या. नवीन टेबल बनवायला दहा-बारा मिनिटं जातील. "वीज रात्री"नंतर फक्त पडली, "पाऊस रात्री"नंतर फक्त पडला, "पान रात्री"नंतर फक्त पडलं. सगळ्या चुका गायब, मुलं खूश. आता पुन्हा फासे टाकू द्या आणि वाक्यं लिहू द्या.

काय निघतं बघा. "काल पाऊस"नंतर आता फक्त पडला आहे. "काल वीज"नंतर फक्त चमकली. म्हणजे "काल पाऊस थांबला" आता निघूच शकत नाही. मी सगळ्या वाटा तपासल्या, दोन शब्दांच्या टेबलातून बरोब्बर ती मूळ आठ वाक्यंच निघतात, एकही नवीन नाही! चुका गेल्या आणि त्यांच्याबरोबर नवीन बोलण्याची ताकदही गेली. आता ते मशीन खरोखरच कॉपी करतंय. मला वाटतं हाच या सगळ्या धड्याचा गाभा आहे, मागचं लक्षात ठेवायचं तर पाठांतर होतं आणि विसरायचं तर गडबड होते, आणि नुसत्या मोजणीच्या टेबलाला यातून बाहेर पडायचा रस्ता नाही.

डेटा वाढवला की सुटेल असं मुलं म्हणतील. गुणाकार करायला लावा. ५०,००० शब्द धरले तर एका शब्दाच्या टेबलात ५०,००० गुणिले ५०,००० म्हणजे २५० कोटी चौकटी. मागचे दोन शब्द घेतले तर १२५ लाख कोटी. त्यातल्या बहुतेक सगळ्या रिकाम्या राहणार, कारण तेवढी वाक्यं जगात कोणी लिहिलेलीच नाहीत. आणि खरी मॉडेल्स मागचे दोन नाही, हजारो शब्द बघतात. २०२० चं जीपीटी-३ हे मॉडेल सुद्धा २०४८ टोकनपर्यंत (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) मागे बघत होतं.

मग काय करतात? दोन गोष्टी, आणि दोन्ही वर्गात करता येतात.

पहिली, शब्दांची जवळीक. तेच पहिलं टेबल घ्या. पाऊस, वीज, पान या तिन्ही ओळींत "रात्री" आहे. पडला, पडली, पडलं तिन्ही "रात्री"च्या मागोमाग आलेत. ११ मुलांच्या हातात शब्दांच्या पाट्या द्या आणि सांगा, ज्याच्या आजूबाजूला तुमच्यासारखेच शब्द येतात त्याच्या जवळ जाऊन उभं राहा. दोन-तीन मिनिटं ढकलाढकली होते आणि मग नामं एका कोपऱ्यात, क्रियापदं दुसऱ्या कोपऱ्यात! नाम, क्रियापद हे शब्द कोणी उच्चारलेले नसतात. मॉडेलमध्ये प्रत्येक शब्दाला अशी जागा असते, आकड्यांनी सांगितलेली, फक्त दोन नाही तर शेकडो-हजारो दिशांमध्ये. जवळचे शब्द एकमेकांकडून शिकतात, म्हणून एका शब्दाबद्दल जे कळलं ते न बघितलेल्या जोडीलाही लागू पडतं. पाठांतर न करता लक्षात ठेवायची सोय होते ती इथे.

दुसरी, दोरा. मुलांना ओळीत उभं करा, एकेक शब्द हातात: "वीज काल रात्री खूप उशिरा नदीपलीकडच्या उंच झाडावर ___". शेवटच्या मुलाकडे कोरी पाटी आणि दोऱ्याचं रीळ, शिवाय दहा खडे. त्याला विचारा, पडला, पडली की पडलं हे ठरवायला तुला कोणाकडे बघावं लागेल? तो खडे वाटतो, बहुतेक सगळे वीजला, एखादा झाडाला, आणि दोरा तिथपर्यंत ताणतो. मध्ये सात मुलं उभी आहेत पण दोरा सरळ त्यांच्या डोक्यावरून जातो. हे अटेन्शन. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आजच्या चॅटबॉटमागची रचना, आला त्याचा कणा हाच. मग दुसऱ्या रंगाचा दोरा दुसऱ्या मुलाला द्या आणि विचारा, मुळात "पडणे" हे क्रियापदच यावं हे कोण सांगतं? तो खडे वेगळ्या तऱ्हेने वाटेल. असे अनेक दोरे एकाच वेळी ताणलेले असतात.

फक्त एक वाक्य न विसरता सांगा, वर्गात खडे कसे वाटायचे हे मुलगा मराठी येतं म्हणून ठरवतो, मॉडेलला ते कोणी शिकवत नाही, ट्रेनिंगमध्ये चुका कमी होत होत ते वाटप आपोआप बसत जातं. हे सांगितलं नाही तर मुलांना वाटेल कोणीतरी व्याकरणाचे नियम आत भरलेत.

---

खडूफळा

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. आठाचे बावीस आणि पुन्हा आठ हे मी स्वतः काल रात्री कागदावर करून बघितलं, बरोबर येतंय आणि करताना मलाच कळलं की मी आत्तापर्यंत हे फक्त वाचलं होतं.

दोन प्रश्न. दोरागुंता म्हणतात तसं "चुका कमी होत होत बसत जातं", हे हाताने कसं दाखवू? टेबल तर एका फटक्यात भरलं जातं, त्यात हळूहळू शिकणं दिसत नाही. आणि टोकन म्हणजे शब्द नव्हे असं सगळीकडे वाचते, ते आठवीला सांगायची गरज आहे का की सोडून देऊ?

---

भाषावेल

टोकन सोडू नका प्लीज, मराठी मुलांसाठी तर अजिबात सोडू नका.

सहा शब्द घ्या: घरात, घरातून, घराला, दारात, दारातून, दाराला. प्रत्येक चिन्ह वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, काना, उकार सुद्धा वेगळे, कारण कॉम्प्युटर ते वेगळेच साठवतो. घ, र, काना, त अशा चार चिठ्ठ्या म्हणजे घरात. आता नियम एकच, सगळ्यात जास्त वेळा शेजारी-शेजारी आलेली जोडी शोधा आणि चिकटपट्टीने जोडा. पहिली जोडी र आणि काना, सहाही शब्दांत आहे. जोडली, "रा" झाला. पुन्हा मोजा. आता "रा" आणि त, चार वेळा. जोडा. काय झालं? "रात".

माझ्या वर्गात एक मुलगा लगेच ओरडला, रात म्हणजे रात्र! आणि तोच क्षण मी पकडला. घरात, दारातून मध्ये रात्रीचा काय संबंध? काहीच नाही. मशीनने तो तुकडा अर्थ बघून केला नाही, व्याकरण बघूनही केला नाही. आपण घर अधिक आत असं तोडू, त्याने घ आणि रात असं तोडलं. तिसरी जोडी "दा" निघते, तीन वेळा. तिथे थांबलात तरी चालेल.

या पद्धतीला बाइट पेअर एन्कोडिंग म्हणतात, १९९४ मध्ये फिलिप गेजने ती फाइल लहान करण्यासाठी मांडली होती, भाषेसाठी वापरायला लागले ते बरंच नंतर. आणि हे का महत्त्वाचं, तर कोणत्या जोड्या जोडायच्या हे ज्या मजकुरावर मोजलं त्यावर ठरतं. त्यात इंग्रजी भरपूर आणि मराठी चिमूटभर असेल तर इंग्रजीचे आख्खे शब्द एकेक टोकन होतात आणि मराठी शब्द तुकड्या-तुकड्यात राहतो. त्यात आणखी भर म्हणजे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाइट घेतं आणि इंग्रजी अक्षर एकच. म्हणून तेच वाक्य मराठीत जास्त टोकन खातं. आपल्या भाषेत काम करताना मॉडेलला जास्त मेहनत का पडते याचं एक खरंखुरं कारण मुलांच्या हातात चिठ्ठ्यांच्या रूपाने येतं. एका मुलीने विचारलं होतं की मग आपण मराठी जास्त लिहिलं तर फरक पडेल का. पडेल, असं मी तिला सांगितलं.

---

मोजणीवाली

पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. टेबलाऐवजी पेले घ्या, प्रत्येक शब्दाचा एक पेला. सुरुवातीला प्रत्येक पेल्यात सगळ्या बारा शब्दांची एकेक चिठ्ठी टाका, म्हणजे मॉडेलला काहीच माहीत नाही, काहीही बोलेल. दोन वाक्यं काढा, "पडली पान काल काल चमकली" असलं काहीतरी येईल, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मग मजकुरातली एक जोडी वाचा, समजा वीज-चमकली. वीजच्या पेल्यातून न बघता एक चिठ्ठी काढा, हा मॉडेलचा अंदाज. ती परत टाका, मग चमकलीची एक जास्तीची चिठ्ठी घाला. चमकलीची शक्यता वाढली, बाकीच्यांची आपोआप कमी झाली. पुढची जोडी. सगळा मजकूर एकदा झाला की पुन्हा दोन वाक्यं काढा आणि आधीच्यांच्या खाली लिहा. मग मजकूर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. फळ्यावर वरून खाली वाचत गेलं की बडबडीतून भाषा वर येताना दिसते.

खऱ्या मॉडेलमध्ये चिठ्ठ्या नसतात, आकडे असतात, आणि एका चुकीवर फक्त एका पेल्यात नाही तर एकाच वेळी असंख्य आकडे किंचित-किंचित हलवले जातात. जीपीटी-३ मध्ये असे १७५ अब्ज आकडे होते आणि सुमारे ३०० अब्ज टोकनवर ते हलवले गेले. दर सेकंदाला एक टोकन वाचलं तर किती वर्षं लागतील हा हिशोब मुलांना करायला द्या, साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास उत्तर येतं.

पेले तयार आहेत तर टेंपरेचरही, म्हणजे पुढचा शब्द निवडताना किती मोकळीक द्यायची ते, उरकून घ्या, पाच मिनिटांचं काम. वीजनंतर नेहमी जास्त चिठ्ठ्यांचाच शब्द घ्यायचा ठरवलं तर दरवेळी चमकली, वाक्य ठरलेलं. चिठ्ठ्यांच्या प्रमाणात काढलं तर कधी चमकली कधी रात्री. सगळ्यांना समान संधी दिली तर पुन्हा बडबड. टेबल तेच, निवडायची पद्धत वेगळी.

---

खडूफळा

झाले दोन्ही पिरियड! कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनावर घेऊन लिहिलंत.

अंदाजाचा खेळ आणि फासे पहिल्या दिवशी. "काल पाऊस थांबला" तिसऱ्या गटात आलं आणि कॉपी म्हणणारा जो मुलगा होता त्याने स्वतः उठून सांगितलं की हे फळ्यावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन शब्दांचं टेबल. इथे मी काहीच बोलले नाही, फक्त फासे टाकत राहा म्हटलं. सातेक मिनिटांनी मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आता हे नवीन काहीच बोलत नाहीये, जुनंच बोलतंय." मग सगळे आपापल्या वह्या तपासायला लागले. मी इतकी वर्षं शिकवतेय पण वर्गाला एखादी गोष्ट स्वतःहून सापडताना इतक्या स्पष्टपणे क्वचित बघितलीय.

दोऱ्याच्या वेळी एक गंमत झाली, कोऱ्या पाटीवाल्या मुलाने सहा खडे वीजला दिले आणि चार झाडाला, आणि बाकीचे ओरडायला लागले की झाडाला कशाला. तो म्हणाला, झाडावर म्हटल्यावर पडणारच ना काहीतरी, चमकणार नाही. म्हणजे दोन दोऱ्यांचं काम त्याने एकाच दोऱ्यात केलं होतं! मग दुसरा रंग आणला आणि वाद मिटला.

पेले पूर्ण झाले नाहीत, वेळ संपला, मजकुराची एकच फेरी झाली.

जी मुलगी म्हणाली होती की तो आपल्यासारखाच विचार करतो, तिने शेवटी विचारलं, "काल पाऊस थांबला असं मशीनने सांगितलं, पण काल पाऊस थांबला होता का?" कोणालाच माहीत नव्हतं. मी तिला विचारलं, मशीनला माहीत होतं का? ती बराच वेळ टेबलाकडे बघत होती आणि म्हणाली, टेबलात कालचा पाऊस नाहीये, फक्त शब्द आहेत. मग कोणी म्हणालं की म्हणजे ते खोटं बोललं, तर ती म्हणाली खोटं बोलायला खरं माहीत असायला लागतं. मी यात एक शब्दही घातला नाही. फक्त एवढं सांगितलं की मोठ्या मॉडेलच्या आकड्यांमध्ये जगाबद्दलचं बरंच काही साठलेलं असतं, कधी काही मजकूर जसाच्या तसाही, पण बरोबर वाक्य आणि चुकीचं वाक्य दोन्ही त्याच रस्त्याने बाहेर येतात आणि वाचून फरक कळत नाही.

आता मला तिसरा पिरियड मिळालाय, पुढच्या गुरुवारी. टोकनच्या चिठ्ठ्या मुलांनीच कापून ठेवल्यात. उरलेल्या वेळात हे घ्यायचंय की नुसतं वाक्य पुढे नेणारं मॉडेल प्रश्नाला नीट उत्तर द्यायला कसं शिकतं. माझ्या डोक्यात असं आहे की एका प्रश्नाची दोन उत्तरं वाचायची, वर्गाने मत द्यायचं आणि जिंकलेल्या उत्तरातल्या प्रत्येक जोडीला पेल्यात एक जास्त चिठ्ठी. चालेल ना हे?

---

दोरागुंता

चालेल, माणसांच्या पसंतीवरून मॉडेलला वळण लावतात त्याचा गाभा हाच आहे. त्याआधी मॉडेलला चांगल्या प्रश्नोत्तरांचे नमुने दाखवून शिकवलेलं असतं, तेही दोन वाक्यांत सांगा.

एक करा, हात वर करून मत घेऊ नका, चिठ्ठीवर घ्या आणि उत्तर कोणत्या गटाचं ते सांगू नका. मी पहिल्यांदा हात वर करून घेतलं तेव्हा जे उत्तर लांब आणि ठासून वाचलं गेलं तेच दरवेळी जिंकलं, दोनदा तर ते चुकीचं होतं. नंतर चिठ्ठीवर घेतलं तरी लांब उत्तराकडे कल राहिलाच, थोडा कमी. दोन्ही पद्धतींनी एकेकदा घेऊन आकडे शेजारी-शेजारी लिहिलेत तर मुलांना दिसेल की पेल्यात चिठ्ठी कोणामुळे पडतेय.

---

मोजणीवाली

ताई, गुरुवारी पेले पुन्हा रिकामे करू नका, पहिल्या फेरीच्या चिठ्ठ्या तशाच ठेवा आणि त्यावरच मतांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगात टाका. शेवटी एकेक पेला उलटा करून बघता येतो, पांढऱ्या किती आणि रंगीत किती. आणि झालं की इथे लिहा प्लीज, मला ते आकडे बघायचेत.